रेडिओच्या गळ्यातलं नाव

इमान उडे बाई, निळ्या आभायात,
माह्या लेकाचं नाव, आलं रेडूच्या गयात.

मंजुषाच्या कानात सगळ्यांत जुना आवाज कुठला असेल तर तो हा. आजीचा, जमुनाबाईंचा. थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी जरा वेळ टांगून राहणारा. ज्वारी तेव्हा गिरणीतूनच दळून यायची, जात्यावर फक्त डाळ भरडली जायची. पण आजी म्हणायची, गिरणीवाल्याच्या पट्ट्यापुढं कोणी गाते का? म्हणून डाळ असो नसो, जातं फिरायचं. मंजुषा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची आणि दगडाची घरघर तिच्या दातांपर्यंत पोचायची.

समोर आई बसायची. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. पहिली ओळ एकीनं टाकायची, दुसरी ओळ दुसरीनं उचलायची, अशी जात्याची रीत. आई रामाची ओवी उचलायची, भावाची उचलायची, माहेरच्या चांदूर बाजाराची तर आपणहून काढायची. रेडिओची ओवी आली की तिचा हात फिरत राही आणि तोंड मिटून जाई. त्या ओवीच्या दोन्ही ओळी आजी एकटीच गायची.

त्या ओवीतला लेक म्हणजे मंजुषाचे बाबा. फ्लाइट लेफ्टनंट दिवाकर टेकाडे, भातकुलीजवळच्या काळ्या मातीतला पोरगा, लढाऊ विमानाचा वैमानिक. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या आभाळात त्यांच्या लीडरच्या विमानाला गोळ्या लागल्या, तेव्हा ते एकटे मागे वळले. शत्रूची दोन विमानं त्यांनी आपल्या अंगावर ओढून घेतली. एक पाडलं. दुसऱ्यानं त्यांना पाडलं. लीडर जिवंत परतला. मंजुषा तेव्हा आईच्या पोटात होती.

आधी बेपत्ता झाल्याची तार आली. मग काही आठवड्यांनी सत्तार आला. अब्दुल सत्तार, बाबांचा शाळेपासूनचा मित्र; अमरावतीत इतवाऱ्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सायकल भिंतीला टेकवून तो थेट आजीपुढं बसला आणि म्हणाला, काकू, पाकिस्तानच्या रेडिओवर कैद्यांची नावं वाचून राहिले होते, त्यात दिवाकरचं नाव आलं.

मग सरकारनं वीरगती लिहिलं, आजीनं मानलं नाही. वीरचक्र जाहीर झालं, आजीनं सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि तिला दिल्लीला पाठवलं. “नवऱ्याची वस्तू आनाले चालली. सवाष्ण जाते तशी जा.” राष्ट्रपतींच्या हातून मरणोत्तर पदक घेताना आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. तो फोटो घरात लागला नाही. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागरी भरतात, त्यात बाबांची घागर कधी भरली गेली नाही. कैदी सुटून आले, त्यात ते नव्हते. आजी म्हणाली, दुसऱ्या जेलात असतीन. मरेपर्यंत हेच म्हणाली.

आणि आता, आई पंच्याहत्तरीला आलेली, बाबांच्या शाळेच्या आवारात त्यांचा अर्धपुतळा बसत होता. विजयदिनाला एअर फोर्सचे अधिकारी येणार, मानवंदना होणार, आई पडदा ओढणार आणि मंजुषा बोलणार.

कार्यक्रम तीन दिवसांवर आला तेव्हा माजी विद्यार्थी संघाचा सचिव कुलदीप घरी आला. चिवडा खाता खाता त्यानं विषय काढला.

“काकू, एक बोलू का? राग नका मानू.”

“बोल ना.”

“तुमी वीरपत्नी म्हनून स्टेजवर बसान. समोर मोठे सायेब, चॅनलवाले. आन पुतळ्याखाली कोरलं हाय वीरगती. मंग ते कपायावर...” त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट फिरवलं.

“कपायावर काय?”

“नाही म्हनजे, लोकं विचारतीन. म्हनतीन, या दोहीतलं एक तर खोटं हाय.”

आईनं बशी त्याच्याकडे सरकवली. “खा अजून. आन पुतळ्याचं नाक पाहून घ्या एकडाव. त्याईचं नाक इतकं सरळ नव्हतं.”

कुलदीप हसला, पण फाटकाशी आल्यावर आवाज खाली करून मंजुषाला म्हणाला, “ताई, ते रेडूवालं खरं हाय का? नाही, लोकं बोलते. तो सत्तार पाकिस्तानचा रेडू ऐकाचा, त्याले चौकीवर बी नेलं होतं म्हनते.”

“कोण लोकं?”

“लोकं म्हनजे लोकं, ताई. आन तुमच्या घरी त्याचं लय जानं-येनं होतं, असं बी म्हनते.”

मंजुषानं फाटक लावलं. कडी जरा जोरातच बसली.

ती नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात तपासणी खात्यात होती. उजेडाच्या मेजावरून कापड सरकत जातं आणि तिचे डोळे त्यातली खोट शोधत राहतात: सुटलेलं सूत, तेलाचा ठिपका, कुठं तरी दुमडलेली किनार. तीस वर्षं हेच केल्यावर माणसांकडेही ती तशीच बघायची. घरातले म्हणायचे, मंजूपुढं बोलाले भेव वाटते, शब्द बी उजेडात धरून पाहते.

भाषणासाठी तिनं बाबांच्या लीडरचा फोन मिळवला होता. देहरादूनला राहणारे, नव्वदीकडे झुकलेले गृहस्थ. संध्याकाळी ते फोनवर आले. आवाज थरथरता, हिंदी मात्र स्वच्छ. ते म्हणाले, बेटी, माझ्या डोळ्यांसमोर झालं. विमान हवेतच फुटलं. पॅराशूट उघडलं नाही, उघडायला वेळच नव्हता. स्क्वाड्रनमध्ये कोणाला कधीच शंका नव्हती, तुमच्या घरी तेव्हाच कळवलं होतं.

मंजुषानं रेडिओची गोष्ट सांगितली.  मग म्हाताऱ्यांनी विचारलं, नाव वाचलं म्हणजे नेमकं काय वाचलं? तिनं लहानपणापासून पाठ असलेलं वाक्य म्हणून दाखवलं: फ्लाइट लेफ्टनंट दिवाकर नत्थुजी टेकाडे, जिल्हा अमरावती, हिंदुस्थान.

“जिल्हा?” ते म्हणाले. “बेटी, पकडला गेलेला वैमानिक नाव, हुद्दा आणि नंबर सांगतो. गाव सांगत नाही. दिवाकर तर नक्कीच सांगणार नाही.”

फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले. जिल्हा अमरावती. हे जिथं विणलं गेलं तो माग वऱ्हाडातलाच होता. गाव कळल्याशिवाय माणूस ओळखूच येत नाही, असं इथलीच माणसं मानतात. बोंडे म्हटलं की विचारतात, कुठले बोंडे? आजी तर नुसत्या नावावर विश्वासच ठेवणार नव्हती. खोटं रचणाऱ्याला ते ठाऊक होतं.

मग सत्तारनं का रचलं? तिनं एकेक धागा ओढून पाहिला. आजीचा लाडका होण्यासाठी? घरात येत-जात राहण्यासाठी? कुलदीपचं वाक्य तिला झटकायचं होतं आणि ते परत परत येऊन बसत होतं. सत्तारचाचा सणाला यायचे, आजीपुढं बसायचे, आई चहा ठेवून आत निघून जायची. आई त्यांच्याशी कधी धड बोलायची नाही. का बोलायची नाही? एकवीस वर्षांची बाई, तिचं पुढं काहीही झालं असतं. आणखी शिकली असती, पुन्हा लग्न केलं असतं. त्या एका वाक्यानं तिला जन्मभर कपाळावर कुंकू आणि दाराकडे डोळे लावून बसवलं होतं. शाळेत मास्तरकी करून तिनं मंजुषाला वाढवलं, आणि शाळेतल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावर कुजबुजत राहिल्या.

स्टेजवर उभं राहायच्या आधी हे तिला कळायला हवं होतं. नाहीतर बाबांविषयी बोलताना प्रत्येक शब्दाखाली ती खोट शोधत राहिली असती.

“मी उद्या अकोल्याला जाऊन येते,” तिनं आईला सांगितलं. “सत्तारचाचांना निमंत्रण द्यायला.” सत्तार कधीचाच अमरावती सोडून अकोल्याला गेला होता.

आई लसूण सोलत होती. “निमंत्रन तं फोनवर बी देता येते.”

“म्हातारा माणूस आहे. जाऊन दिलेलं बरं.”

आईनं पाकळी बोटांत तशीच धरली. “मंग मी बी येतो.”

इतक्या वर्षांत आई एकदाही सत्तारच्या अकोल्याच्या घरी गेली नव्हती. श्यामकाका, बाबांचे धाकटे भाऊ, होते तोवर ते ईदला डबा घेऊन जायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारल्यावर तेही थांबलं. आईनं कधी बरोबर जाण्याचं नाव काढलं नव्हतं. आज काढलं. हा धागाही मंजुषानं बाजूला काढून ठेवला.

सकाळी त्या निघाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी झुलत होती, वेचून झालेल्या पऱ्हाटीत कुठं कुठं कापूस चुकून राहिला होता. आईनं शाल कानावर घेतली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघी पिकांवर बोलल्या, पुतळ्याच्या नाकावर बोलल्या, कुलदीपच्या पोटावर बोलल्या.

मग आई समोर बघतच म्हणाली, “तू काय इचारनार हाय त्याले?”

“काही नाही.”

“काल कोनाचा फोन होता?”

“कामाचा.”

“कामाच्या फोनवर तू रडत नाही.”

मंजुषानं गिअर बदलला. आईनं पुढं काही विचारलं नाही, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणं आणि सोडणं अकोला येईपर्यंत चालू होतं. दोघी एकमेकींना जोखत होत्या आणि दोघींनाही ते कळत होतं.

ताजनापेठेत पुढं सत्तारच्या मुलाचं, दानिशचं, मोबाइलचं दुकान आणि मागं घर. सत्तारच्या बायकोनं, नसीमबानोंनी, पडदा बाजूला केला आणि आईला बघून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

“या वहिनी. तुमचं नाव या घरात रोजच निघते. पाय आज निघाले.”

“निघाले बावा एकदाचे,” आई म्हणाली.

सत्तार खाटेवर उशीला टेकून बसला होता. दाढी पांढरी, हात लहान मुलासारखे बारीक. उठायला लागला तर आईनंच हातानं बसा म्हणून खूण केली. बाबांचा पुतळा बसतो आहे हे ऐकून त्याचे डोळे भरून आले. “दिवाकर हसला असता. म्हनला असता, सत्तार, मले उडाले लावलं आन आता दगडात बसवलं.”

मंजुषानं निमंत्रणाची पत्रिका दिली, चहा होऊ दिला. मग म्हणाली, “चाचा, मला भाषणात रेडिओचं सांगायचं आहे. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.”

सत्तारनं आईकडे पाहिलं. आई कपातल्या सायीकडे बघत होती.

“काय सांगू बेटा. थंडी लय होती. दुकान बंद करून सुई सरकवून राहिलो होतो, तं टेशन लागलं. एक बाई नावं वाचून राहिली होती. फ्लाइट लेफ्टनंट दिवाकर नत्थुजी टेकाडे, जिल्हा अमरावती, हिंदुस्थान. साफ ऐकलं.”

आजीच्या तोंडून ऐकलेलं, तेच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हातानं विणलेल्या कापडात सूत कुठं तरी जाड होतं, कुठं बारीक होतं. पन्नास वर्षांची आठवण तर जागोजाग विरायला हवी. हे कापड फार एकसारखं होतं.

“तुम्ही एकटेच होते?”

“एकटाच.”

“दुसऱ्या कोणी ऐकलं नाही? अख्ख्या जिल्ह्यात?”

“रेडू तवा किती घरी होते बेटा.”

“आणि तिनं जिल्हा सांगितला?”

“सांगतला ना.”

“बाबांचे लीडर म्हणतात, कैदी गाव सांगत नसतो. आणि ते हेही म्हणतात, की विमान हवेतच फुटलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.”

नसीमबानोंनी ट्रे उचलला आणि तो हातात घेऊनच त्या दारात थांबल्या.  सत्तार हळूच म्हणाला, “मंग माहीच चूक असन. दुसऱ्या कोनाचं नाव असन, आन मले दिवाकरचं वाटलं. जिल्हा मी मनानंच जोडला असन. आवडत्या मानसाचं नाव कुठं बी ऐकू येते.”

“चाचा, चूक आणि खोटं यातला फरक मला कळतो.”

“मंजू,” आई म्हणाली.

“थांब आई. तू मधे येऊ नको. तुझ्यासाठीच विचारतेय मी.” आवाज चढू नये म्हणून मंजुषानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. “यांच्या त्या एका वाक्यामुळे तुझं सगळं आयुष्य दाराशी बसून गेलं. आजीचं गेलं. लोक अजून विचारतात, हा माणूस तुमच्या घरी का येत होता. मलाही विचारायचंय. चाचा, का केलं तुम्ही? काय पाहिजे होतं तुम्हाला आमच्या घरातून?”

नसीमबानो ट्रे घेऊनच परत आत आल्या. “याले काय पायजे होतं?” त्या म्हणाल्या. “पाकिस्तानचा रेडू ऐकते म्हनून याले चौकीवर बसवलं. दुकानावर गिऱ्हाईक येनं बंद झालं. भिंतीवर लोकं काय काय लिहून जाये. अमरावती काय हौसेनं सोडली आमी?”

“नसीम, तू चूप राह्य,” सत्तार म्हणाला. मग मंजुषाकडे वळला. “बेटा, तुले स्टेजवर जे सांगायचं ते सांग. सत्तार खोटं बोलला म्हन. माहं आता काय राह्यलं? मी कोनाले काही म्हननार नाही.”

इतकं सहज त्यानं ते दिलं, की मंजुषा गोंधळली. खोटं पकडलं गेलं की माणूस दुसरं खोटं पुढं करतो, नाहीतर चिडतो, निदान डोळे चुकवतो. हा मान पुढं करत होता. आणि पुढं करताना बघत होता तो तिच्याकडे नाही, तिच्या बाजूला.

तिनं आईकडे पाहिलं.

आईनं कप खाली ठेवला होता. जात्यापाशी दिसायचं तसं मिटलेलं तोंड. लहानपणी मंजुषा समजायची, आईला रडू येतं म्हणून ती ती ओळ उचलत नाही. आता पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की दुःखानं मिटलेलं तोंड आणि काही धरून ठेवलेलं तोंड लांबून सारखंच दिसतं.

“आई,” ती म्हणाली, “लीडर म्हणाले, घरी तेव्हाच कळवलं होतं. कोणाला कळवलं होतं?”

“वहिनी, राहू द्या ना,” सत्तार म्हणाला. “इतकी सालं गेली. मंजू तं परवा स्टेजवर बोलून मोकयी होईन. माह्यावरच जाऊ द्या.”

“तुमच्यावर लय गेलं सत्तारभाऊ. आता नाही.”

आई जरा पुढं सरकून बसली. शाळेत मुलींना धडा समजावताना बसत असेल तशी. आवाज नेहमीचाच होता, फक्त दोन वाक्यांच्या मधली जागा मोठी झाली होती.

“यानं काही ऐकलं नव्हतं, मंजू. रेडूवर कोनाचं बी नाव आलं नव्हतं. मीच याच्या दुकानावर गेली होती, दिवसाढवळ्या, डोक्यावर पदर घेऊन. याले म्हनलं, माह्या सासूले येऊन असं असं सांगा. एकेक शब्द मी सांगतला. जिल्हा बी मीच घालाले लावला, नाहीतं त्याईले पटलं नसतं. हा नाही म्हने. म्हने, वहिनी, मेलेल्या दोस्ताच्या मायेले मी असं कसं सांगू. मी याच्या पाया पडाले वाकली, तवा हा उठला.”

“का?” मंजुषाला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“घरात माहा पाट लावाचं चाललं होतं. श्यामसंग. तुहे आजोबा म्हनत, दिवाकर काही आता येत नाही, पोरगी घरातच राह्यली पायजे. बायतपन होऊ द्या, मंग लावून टाकू. श्याम बिचारा वाईट नव्हता, त्याले कोनी इचारलं बी नाही. पन मले आमच्या त्याच खोलीत श्यामची बायको होऊन जायाचं नव्हतं. आन तू श्यामची पोरगी म्हनून वाढली असती. तुह्या नावामागं दिवाकर लागलं नसतं. नवरा जिवंत हाय म्हटलं की पाट लागत नाही. तेवढं एक दार होतं, ते मी लावून घेतलं. श्याम होता तोवर हे बोलता बी येत नव्हतं, त्याच्या बायकोले काय वाटलं असतं.”

दुकानातून कुणाच्या तरी मोबाइलची गाण्याची धून दोनदा वाजून बंद पडली. सत्तारनं डोळे मिटले होते.

“आन कोनाले कयवलं म्हनशीन, तं मले,” आई म्हणाली. “ते लीडर तुह्या बाबांची पेटी घेऊन बडनेऱ्याले उतरले होते. श्याम बाहेर पेटी टांग्यात ठेवून राह्यला होता. फलाटावर मी आन ते, दोघंच. त्याईनं टोपी काढली आन मले समदं सांगतलं. फुटलं कसं, आवाज कसा आला, उतरून कोनीच आलं नाही. म्हने, घरच्याईले तुमीच सांगा, मले परतीची गाडी हाय. मी हो म्हनलं. टांग्यात बसली. घरी आली. तुही आजी उंबऱ्यातच उभी होती, म्हने, काय म्हनले सायेब? मी म्हनलं, शोध चालू हाय.”

तिनं शाल खांद्यावर नीट केली, आणि मंजुषाच्या डोळ्यांत सरळ पाहून म्हणाली, “तुहे बाबा परत येनार नाही, हे त्या घरात मले एकटीलेच माहीत होतं. आन त्या माउलीनं शेवटचा श्वास घेतला तवा तिचं डोकं माह्या मांडीवर होतं, तिनं मले इचारलं, वच्छला, येईन ना वं तो? मी तिले म्हनलं, येतीन.”